पडला की पाडला? : दुष्काळाचं व्याकरण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं. कर्ता ओळखायचा असेल तर क्रियापदाला विचारा, ‘करणारा कोण?’, ही त्यांची पद्धत या गावच्या तीन पिढ्यांना पाठ आहे. आज मी तोच प्रश्न वर्गाबाहेर नेणार आहे, सरकारी कागदांकडे आणि वर्तमानपत्रांकडे. विषय दुष्काळाचा आहे. पण पावसाच्या आकड्यांपेक्षा आपण दुष्काळासाठी जे शब्द वापरतो त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे. शब्द निवडला की त्याच्याबरोबर घटनेचं कारणही निवडलं जातं, आणि कारण निवडलं की जबाबदारी कोणाची हेही ठरून जातं, एवढंच मला सांगायचं आहे.

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं एक लहानसा कायदा केला. त्याचं नाव वाचल्यावर आधी विश्वास बसत नाही. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ ही संज्ञा वगळण्याचा तो कायदा. जिथं जिथं ‘फॅमिन’ होतं तिथं ‘स्कॅर्सिटी’ आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर दुष्काळ गेला आणि टंचाई आली. कारण असं दिलं होतं की शेतीच्या परिस्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची लक्षणं दिसताच मदत पोहोचते, त्यामुळे दुष्काळ पडायला आता वावच राहिलेला नाही. सबब हा शब्दही कालबाह्य झाला आहे. पुढे नऊच वर्षांनी बहात्तर साल उजाडलं, मोठ्या दुष्काळाचं.

हसायला हरकत नाही, पण त्या आमदारांवर अन्यायही करायला नको. त्यांच्या डोळ्यांपुढे १९४३ चा बंगाल होता. त्या दुष्काळात तीसेक लाख माणसं मेली असा अमर्त्य सेन यांचा अंदाज आहे, आणि ब्रिटिश सरकारनं तिथं फॅमिन कोडाखाली, म्हणजे स्वतःच्याच दुष्काळी नियमावलीखाली, दुष्काळ अखेरपर्यंत जाहीर केलाच नाही. माणसं भुकेनं मरतील अशी वेळ आमच्या राज्यात येऊ देणार नाही, असं स्वतंत्र देशातल्या नव्या राज्याला वाटणं चांगलंच होतं. ते वचन म्हणून मला मान्य आहे. पण वचन देणं वेगळं आणि ज्या गोष्टीबद्दल वचन दिलं तिचं नावच कायद्यातून पुसणं वेगळं. वचन मोडलं तर जाब विचारता येतो. नाव पुसलं की जाब कशाबद्दल विचारायचा, इथपासून सुरुवात करावी लागते.

‘टंचाई’ या शब्दाला क्रियापदं कोणती लागतात ते पाहा. टंचाई भासते, जाणवते, निर्माण होते, उद्भवते. टंचाई कुणी करत नाही. कधीकाळी साखर, रॉकेल, सिमेंट यांची ‘कृत्रिम टंचाई’ व्हायची. तिथं ‘कृत्रिम’ हे विशेषण लावलं की साठेबाज लगेच डोळ्यांपुढे उभा राहायचा. पाण्याच्या टंचाईला हे विशेषण लावलेलं मी फारसं वाचलेलं नाही. का लावत नाहीत, हा प्रश्न विचारून ठेवतो आणि पुढे जातो.

‘दुष्काळ’ हा शब्द तरी निर्दोष आहे का? तोही नाही. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. दोष काळाचा. आपल्या लोकांनी दुष्काळांना नावं दिली तीही बहुधा काळाची किंवा देवतेची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि परंपरेनं बारा वर्षांचा मानलेला तो दुर्गादेवीचा दुष्काळ. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, तो गुजरात-राजस्थानात छप्पनिया. आणि आपला बहात्तरचा. कोणत्याही दुष्काळाला आपण गव्हर्नराचं किंवा मंत्र्याचं नाव दिलेलं नाही. तरीही या शब्दात एक ताकद आहे. अवर्षण म्हटलं की फक्त पाऊस दिसतो आणि टंचाई म्हटलं की फक्त हंडा दिसतो. दुष्काळ म्हटलं की भूक दिसते, गाव सोडून निघालेली माणसं दिसतात, बाजारात कवडीमोलानं विकलेला बैल दिसतो. म्हणूनच तो शब्द कारभाराला अडचणीचा वाटतो.

आता गुरुजींच्या वर्गात जाऊ. मराठी क्रियापदांमध्ये जोड्या आहेत : पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे, आटणे-आटवणे. एका रूपात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात ती घडवणारा लागतो. पहिलं रूप वापरलं की वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण होतं, कुणी काही विचारत नाही. दुसरं वापरलं की ‘कोणी?’ हा प्रश्न टाळताच येत नाही. घरात कप फुटला की लहान मूल म्हणतं, ‘कप फुटला.’ आई दटावते तेव्हा ते म्हणतं, ‘माझ्याकडून फुटला.’ आणि भाऊ चहाडी करतो तेव्हा म्हणतो, ‘यानं फोडला.’ मराठीची ही तिहेरी सोय किती सुटसुटीत आहे. आपोआप, अनवधानानं आणि करून, अशा जबाबदारीच्या तीन पायऱ्या तीन वाक्यांत बसतात, आणि पाच वर्षांचं पोरही त्या ओळखतं.

याच नियमानं आपली वृत्तपत्रं वाचा. विहिरी आटल्या, बंधारे फुटले, जनावरं मेली, पिकं गेली, माणसं स्थलांतरित झाली. सगळी क्रियापदं पहिल्या रूपातली. कर्ता म्हणून वाक्यात ताठ उभा असतो तो एकटा पाऊस. पाऊस दडी मारतो, पाठ फिरवतो, दगा देतो, हुलकावणी देतो. पावसाला मराठी पत्रकारितेनं जेवढं चारित्र्य दिलं आहे तेवढं पाटबंधारे खात्याला कधी दिलं नाही. ‘वरुणराजा रुसला, बळीराजा हवालदिल’ हा मथळा तर आपण इतक्या वेळा वाचला आहे की तो छापखान्यात जुळवूनच ठेवला असावा असं वाटतं. एका मथळ्यात दोन राजे आणि राज्य करणारा कुणीच नाही! २००३ मध्ये, २०१५ मध्ये आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात विमानं पाठवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, तेव्हा मथळे होते ते ‘पाऊस पाडणार’ असे. म्हणजे आपल्या भाषेत सरकार पाऊस पाडतं, दुष्काळ मात्र पडतो.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. वाक्य बदललं की ऐकणाऱ्याच्या मनातलं कारण बदलतं, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिलेलं आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना ‘चक्काचूर होऊन आदळल्या’ अशा जातीचं जोरकस क्रियापद वापरलं. दुसऱ्या गटानं वेग जास्त सांगितला. आठवड्यानं त्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. जोरकस क्रियापद ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जण ‘दिसली’ म्हणाले, साधं ऐकलेल्या पन्नासांपैकी सात. पुढे २०१० मध्ये कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी आपल्या फुटला-फोडला जोडीसारखाच खेळ इंग्रजीत केला. अमेरिकेत एका कार्यक्रमात सोबतच्या गायकाच्या हातून गायिकेचा पोशाख फाटल्याची गाजलेली घटना घेतली. काहींना ‘पोशाख फाटला’ असं वाचायला दिलं, काहींना ‘त्यानं पोशाख फाडला’ असं. दुसऱ्या गटानं त्या गायकावर सुमारे दीडपट दंड लावला. ज्यांनी घटनेचं चित्रीकरण स्वतः पाहिलं होतं त्यांच्यावरसुद्धा शब्दांचा हा परिणाम झाला. डोळ्यांनी पाहिलं तरी कानानं ऐकलेलं क्रियापद दोष ठरवून जातं.

परदेशातले प्रयोग इथं थांबवतो, कारण आपल्याकडे याच्याही आधीची एक समज आहे आणि ती एका जोडशब्दात आहे : अस्मानी-सुलतानी. आभाळातून येणारं ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून येणारं ते सुलतानी. जुन्या कौलांत, इजाऱ्याच्या करारांत हा शब्द कलमासारखा येतो. अस्मानी-सुलतानी झाली तर वसुलीत सूट, असा त्याचा व्यवहार होता. आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं की शेतकरी बुडतो तो दोन कारणांनी, आणि ती कारणं बहुतेक वेळा एकत्रच येतात. पाऊस गेला हे अस्मानी. पाऊस गेला असतानाही सारा वसूल केला हे सुलतानी. एका शब्दात दोन्ही कारणं बांधून ठेवण्याचं शहाणपण ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या सरकारी रूपात आज फक्त अस्मानी उरलं आहे. तिथं त्याचं नाव ‘नैसर्गिक आपत्ती’. सुलतानीला शासकीय पर्यायी शब्दच नाही.

गेल्या दीडशे वर्षांचा आपला सार्वजनिक इतिहास एका अर्थी हा सुलतानी शब्द परत मिळवण्याचा आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य एक पौंडावर आणलं. तेच टेंपल पुढे १८७७ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. सरकारी भाषेत दुष्काळ पावसानं आणला होता आणि सरकार त्यावर दया करत होतं. पुण्याची सार्वजनिक सभा, न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी गावोगावची माहिती गोळा करून वेगळं चित्र मांडलं. कामाचा दर, साऱ्याची वसुली आणि सावकारी ही सगळी त्यात आली. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र आणि बालाश्रम चालवला. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी दुष्काळाला पावसावर सोडून दिलं नाही. अधिकारी, भट-कामगार, कर्ज, शेतसारा अशा एकेका कारणाला नाव घेऊन बाहेर काढलं. फुल्यांची भाषा तुम्हाला कठोर वाटेल, पण तिच्यात कर्त्याशिवाय वाक्य सापडणं कठीण आहे.

गंमत अशी की सुलतानीची कबुली सर्वांत स्पष्ट शब्दांत दिली ती खुद्द इंग्रजांच्या फॅमिन कमिशननं. १८८० चा तो अहवाल म्हणतो की पाऊस गेल्यावर आधी शेतातलं काम थांबतं, मजुरी बंद होते, आणि मजुरी नाही म्हणून धान्य विकत घेता येत नाही. म्हणजे खरा तुटवडा कामाचा. या एका निदानातून फॅमिन कोड जन्माला आला. तो कोड चांगला की वाईट हा वेगळा वाद, पण त्यात सरकारनं काय करायचं हे लिहिलं होतं. १८९६ मध्ये दुष्काळ आला तेव्हा टिळकांनी काय केलं? ‘केसरी’तून तो कोड शेतकऱ्यांना समजावून सांगितला. नवी मागणी केली नाही, सरकारनंच छापलेले शब्द लोकांच्या हातात दिले. सार्वजनिक सभेचे लोक खेड्यांत जाऊन हेच करू लागले, आणि १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. शब्दांची भीती सरकारला किती वाटते याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

आणि आता बहात्तर. मी शब्दांना इतकं महत्त्व देतो आहे म्हणून एक आक्षेप माझा मीच घेतो. कायद्यात ‘टंचाई’ लिहिलेलं असतानाही १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. रस्ते, तलाव, नालाबांध, खडी फोडणं. सुकडी वाटली गेली. भूकबळींची लाट आली नाही. मग शब्दानं काय बिघडवलं? काहीच नाही, असं कोणी म्हटलं तर मी पूर्ण खोडून काढणार नाही. मोर्चे निघाले, विरोधी पक्षांनी सभागृह दणाणून सोडलं, आणि सरकारी यंत्रणेतही जीव होता. पण एक गोष्ट पाहा. आजही कुणी ‘बहात्तरची टंचाई’ म्हणत नाही. कायद्यानं शब्द काढला आणि लोकांनी तो तसाच ठेवला. लोकांचा शब्द सरकारच्या शब्दापेक्षा मोठा ठरला तेव्हाच सरकारला हलावं लागलं.

त्याच काळात एक नवा शब्द कायद्यात आला आणि मला तो विसाव्या शतकातला महाराष्ट्राचा सर्वांत मोठा शब्द वाटतो : रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा पहिला प्रयोग झाला होता. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. यातला ‘हमी’ पाहा. आधी होती दुष्काळी कामं, म्हणजे आभाळानं संकट आणलं म्हणून सरकारनं कृपेनं उघडलेली कामं. आता आली हमी. म्हणजे काम न मिळणं हे कारण मान्य झालं, आणि ते दूर करणं हे कर्तव्य. १८८० चं निदान आणि १९७७ चं औषध यांच्यामध्ये जवळपास शंभर वर्षं गेली, पण निदान तेच होतं. ‘हमी’च्या जागी ‘साहाय्य’ लिहिलं असतं तर काम मागायला गेलेल्या बाईला तलाठ्यानं काय उत्तर दिलं असतं, याची कल्पना करा. पुढे साऱ्या देशात जो रोजगार हमी कायदा आला त्याचं मूळ इथं आहे.

यानंतरची गोष्ट उतरणीची आहे. तुम्ही ‘दुष्काळसदृश’ हा शब्द ऐकला असेलच. कोणत्या रसिक अधिकाऱ्यानं तो घडवला मला माहीत नाही, पण घडवणाऱ्याला संस्कृत चांगलं येत असावं. सदृश म्हणजे सारखा दिसणारा, पण तोच नव्हे. भूक सदृश नसते. आटलेली विहीर सदृश नसते. तरी गावं दुष्काळसदृश असतात. यामागचा व्यवहार असा : दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात साडेतेहेतीस टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, गरज तिथं टँकर, अशा सवलती लागू होतात. शब्द उच्चारला की तिजोरी उघडावी लागते. म्हणून शब्दाला आधी कुंपण घालायचं. जुन्या पद्धतीत ते कुंपण पैसेवारीचं होतं. गावाच्या पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई, एक्कावन्न आली तर सगळं आबाद. हा निकाल अखेरचा लागेपर्यंत डिसेंबर उजाडतो. तोवर खरीप संपलेलं असतं आणि निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न आला, आणि मे महिन्यात राज्य सरकारनं आदेश काढला की जिथं जिथं ‘दुष्काळसदृश’ म्हटलं आहे तिथं ‘दुष्काळ’ असं वाचावं. सुमारे एकोणतीस हजार गावं एका रात्रीत सदृश होती ती खरी झाली. पावसाचा एक थेंब कमीजास्त झाला नव्हता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळ जाहीर करायला कचरणाऱ्या काही राज्यांना शहामृगाची उपमा दिली आणि केंद्राला दुष्काळाची नियमावली सुधारायला सांगितलं. वर्षअखेरीस नवी नियमावली आली. तिच्यात पावसाची तूट, वनस्पतींची स्थिती, जमिनीतला ओलावा, पाणीसाठा असे शास्त्रीय निर्देशांक आहेत. ही प्रगती आहे, नाकारत नाही. पण तिनं दुष्काळाचे पुन्हा मध्यम आणि गंभीर असे प्रकार केले, आणि केंद्राच्या आपत्ती निधीचं दार गंभीरलाच उघडतं. २०१८ मध्ये आपल्याकडे १५१ तालुके जाहीर झाले, त्यात ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. त्याच्या आठवडाभर आधी १८० तालुके ‘दुष्काळसदृश’ होते. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ, आणि हजाराहून अधिक महसूल मंडळांमध्ये पुन्हा आपला जुना मित्र, दुष्काळसदृश.

उलट बाजूही पाहा. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात शेतं तळी झाली, माती वाहून गेली. शेतकरी म्हणाले, ओला दुष्काळ जाहीर करा. सरकारचं उत्तर होतं की नियमावलीत ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळाच्या सवलती देऊ. संज्ञा नाही हे खरंच आहे. नियमावलीला चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस कळतो, त्याला अतिवृष्टी म्हणतात. पण शेतकऱ्याच्या शब्दात कारण आभाळाचं असो वा नद्यांच्या पात्रात झालेल्या बांधकामाचं, परिणाम एकच आहे : ताटात काही नाही. अतिवृष्टी म्हटलं की मोजमाप आभाळाचं होतं, दुष्काळ म्हटलं की मोजमाप ताटाचं करावं लागतं. सरकारनं सवलती दिल्या, शब्द दिला नाही. मला वाटतं हे उलटं झालं असतं तरी शेतकऱ्यांचं दीर्घ मुदतीत बरं झालं असतं, पण हे मत आज बुडालेल्या माणसाला पटवणं कठीण आहे, हेही मला कळतं.

सवलतींची भाषाही तपासा. वर्तमानपत्रात छापून येतं ‘नुकसानभरपाई’. शासन निर्णयात तो शब्द नसतो. तिथं असते ‘मदत’, ‘निविष्ठा अनुदान’ किंवा ‘सानुग्रह अनुदान’. २०२५ मध्ये निकष असा होता की तेहेतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेआठ हजार. भरपाई म्हणजे ज्यानं नुकसान केलं त्यानं ती भरून द्यायची. मदत म्हणजे ज्याचा काही संबंध नाही त्यानं माणुसकी दाखवायची. सानुग्रह म्हणजे तर अनुग्रहच. धरणातून वेळेवर पाणी न सोडल्यानं किंवा अचानक सोडल्यानं पीक गेलं तरी अनुग्रह.

शब्दातलं हे कारण ज्यानं नेमकं हेरलं तो माणूस म्हणजे शरद जोशी. त्यांच्या शेतकरी संघटनेचं म्हणणं होतं की आम्हाला कर्जमाफी नको, कर्जमुक्ती हवी. अनेकांना तेव्हा तो शब्दच्छल वाटला. पण माफी मागायला आधी गुन्हेगार लागतो. ‘कर्जमाफी’ म्हटलं की चूक शेतकऱ्याची, उधळपट्टी त्याची, आणि उदारपणा सरकारचा. जोशींचा युक्तिवाद असा होता की शेतीमालाचे भाव धोरणानं पाडले जातात, निर्यात बंद करून, झोनबंदी करून, आयात करून. त्यामुळे उत्पादन खर्चही निघत नाही आणि कर्ज फिटणं शक्यच नसतं. भाव ‘पडले’ नाहीत, ‘पाडले’. गुरुजींचं व्याकरण चाकणच्या कांद्याच्या आंदोलनात असं कामाला आलं. जोशींच्या अर्थशास्त्राशी तुमचे मतभेद असतील, माझे आहेत, पण २०१९ च्या योजनेला सरकारनं ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ असं नाव दिलं तेव्हा संघटनेचा तो शब्द सरकारी कागदावर बसला होता. बँकांच्या आणि चर्चांच्या भाषेत मात्र ती आजही माफीच आहे.

आता एक कठीण विषय, आणि तो मी थोडक्यातच बोलणार आहे. शेतकऱ्यानं जीव दिला की पोलीस ठाण्यात नोंद होते ती ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून. ही कायद्याची रीत आहे, पोलिसांना दोष देण्याचं कारण नाही. पण कस्मात् म्हणजे ‘कशामुळे’, आणि अकस्मात् म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही ते. पहिल्याच कागदावर कारण नाकारलं जातं. मग जिल्ह्याची समिती ठरवते, पात्र की अपात्र. जमीन स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर हवी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, त्याच्या वसुलीचा तगादा हवा. मग एक लाख रुपये. नात्यातल्याकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून कर्ज असेल तर अपात्र. मुलीच्या आजारपणात पैसे गेले असतील तर अपात्र. ‘अपात्र’ हा शब्द मदतीच्या अर्जाला लावलेला असतो, पण गावात तो मेलेल्या माणसाला चिकटतो. त्या घरातली बाई हे रोज ऐकते : तिच्या नवऱ्याचं मरण शेतीमुळे नव्हतं, सरकारनं तसं लिहून दिलं आहे. अशा घरांकडे आपण कारणांची यादी घेऊन जाऊ नये, आधी माणूस म्हणून जावं. कुणी खचलेलं दिसलं तर गप्प न राहता त्याच्याशी बोलावं.

परत पाण्याकडे येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या गाडीला लोक जलदूत म्हणाले. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ‘कोरडं पडलं.’ पहिलं रूप. महाराष्ट्रात ऊस एकूण पिकाखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवर असताना सिंचनाच्या पाण्याचा सुमारे सत्तर टक्के वाटा घेतो, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच नोंदवलेलं आहे. मग धरण कोरडं पडलं की पाडलं? मी ऊस लावणाऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही. ज्या एकाच पिकाला भावाची आणि खरेदीची हमी आहे ते पीक शहाणा माणूस लावणारच. पण हमी कुणी दिली, कारखान्याचा परवाना कुणी दिला, पाणी वाटण्याचा अधिकार कुणाकडे होता, हे प्रश्न ‘पाणीटंचाई’ या शब्दात शिरूच शकत नाहीत. ‘पाण्याचं वाटप’ म्हटलं की ते शिरतात.

गावोगावी दरवर्षी टंचाई कृती आराखडा होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. त्यात विंधन विहीर, विहीर खोल करणं, गाळ काढणं, विहीर अधिग्रहण, तात्पुरती पूरक नळयोजना, टँकर असे उपायांचे रकाने भरपूर आहेत. कारणाचा रकाना मी तरी पाहिलेला नाही. कारण विचारलं जात नाही म्हणून तेच टँकर त्याच गावांना वर्षानुवर्षं जातात, आणि आपण त्याला यंत्रणेची सज्जता म्हणतो.

श्रोत्यांत आज बरेच जण ग्रामपंचायतीत काम करणारे आहेत, काही तरुण बातमीदार आहेत. तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. येत्या ग्रामसभेत पाण्याचा ठराव लिहाल तेव्हा ‘गावात तीव्र पाणीटंचाई निर्माण झाली आहे’ एवढ्यावर थांबू नका. सार्वजनिक पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवे बोअर कुणी आणि कधी घेतले, हे लिहा. शेतीसाठी आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला भूजल कायद्यानं मनाई आहे, तरी खोली किती गेली आणि परवानगी कुणी दिली किंवा मागितलीच नाही, हे लिहा. कालव्याचं आवर्तन कोणत्या तारखेला ठरलं होतं आणि कोणत्या तारखेला सुटलं, हे लिहा. बातमीदारांनी ‘विहिरी आटल्या’ असं लिहायच्या आधी तलाठ्याच्या नोंदीत तिथं गेल्या दहा वर्षांत कोणतं पीक वाढलं ते एकदा पाहावं. ठरावात नावं आली की काही जण चिडतील, सभा लांबेल, ग्रामसेवक म्हणेल की साहेबांना असा मजकूर चालत नाही. त्याला तो ठराव जसाच्या तसा इतिवृत्तात घ्यायला सांगा, आणि खाली सह्या करा.